पक्ष्याचा पत्ता

पक्ष्याला पंख असतात, म्हणून तो वाटेल तिथे राहतो, असे तुम्हांला वाटते का? मला तसे वाटत नाही. जागा नीट पाहिली, तर तिथे कोणता पक्षी भेटेल, याचा अंदाज आधीच करता येतो.

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर हे गाव आहे. तिथे गोदावरी आणि कादवा या नद्यांचा संगम होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतीच्या पाण्यासाठी तिथे बंधारा बांधला गेला. नद्यांनी वाहून आणलेला गाळ त्याच्यामागे साठत गेला. कुठे उथळ पाणी, कुठे खोल डोह, कुठे दलदल, तर कुठे गवताची बेटे तयार झाली.

आता तुम्हीच अंदाज करा. घोटाभर पाण्यात कोण उभा असेल? लांब पायांचा शेकाट्या! चमचा पक्षीही उथळ पाण्यातच चपटी चोच फिरवून किडे व लहान मासे पकडतो. खोल पाण्यात या दोघांचे काही चालत नाही. तिथे बुडी मारून मासे धरणारा पाणकावळाच हवा. दाट पाणवनस्पतींत जांभळी पाणकोंबडी लपते. हिवाळ्यात उत्तरेकडील तळी गोठू लागली, की चक्रवाक इकडे येतात. पाण्याची खोली, अन्न, झाडी आणि हवामान यांवरून पक्ष्याचा पत्ता ठरतो. शास्त्रज्ञही अशाच गोष्टी मोजून, नकाशावर मांडून, एखादा पक्षी कुठे सापडेल ते सांगतात.

ही जागा १९८६ साली अभयारण्य झाली. २०२० साली ती महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे जगात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली. पण नुसत्या पाटीने पक्षी टिकत नाहीत. गाळ वाढला, की पाणी कमी साठते. शेतकऱ्याला पाणी हवे, यात त्याचे काय चुकले? मात्र सगळा गाळ उपसला, तर शेकाट्या कुठे उभा राहील? आणि गाळ तसाच वाढू दिला, तर पाणकावळ्याचा डोह बुजेल. म्हणून माझे मत असे, की गाळ जरूर काढावा, पण काठाची उथळ जागा राखून काढावा.

तुमच्या गावाजवळही एखादे तळे किंवा ओढा असेल. एखाद्या रविवारी तिथे जा. आधी पाणी पाहा, पक्ष्याचे नाव वहीत लिहा आणि मग तो पक्षी शोधा. तो दिसला नाही, तर तिथे पूर्वी काय होते, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. पक्षी कधी तक्रार करीत नाही. तो मुकाट्याने निघून जातो.