बिल्ल्यामागची खुंटी

गुरुचरित्र ज्या घरांत वाचले जाते तेथे कडगंची हे नाव समजावून सांगावे लागत नाही. सायंदेवांचे हे गाव, आणि त्यांच्याच वंशातले ग्रंथकर्ते सरस्वती गंगाधर यांचेही. गाणगापूरची वारी करून परतणारी आपल्याकडील कुटुंबे आळंद-कलबुर्गी रस्त्यावरच्या या गावी घटकाभर थांबतात. २००९ साली स्थापन झालेल्या केंद्रीय विद्यापीठामुळे तेथे वर्दळही वाढली आहे. आम्ही मात्र गेल्या मार्गशीर्षात तेथे गेलो ते एका मोटारीच्या नावापायी.

आमच्याकडे गाणे शिकणाऱ्या एका मुलीचे हे आजोळ. वाड्यामागच्या गोठ्यात १९५५ सालची फियाट उभी आहे, जिला आपल्याकडे लाडाने 'डुक्कर फियाट' म्हणतात. ती घरात आली तेव्हा गाव हैदराबाद राज्यात होते. पुढच्याच वर्षी ते म्हैसूर राज्यात गेले, आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. गाडी तीच, गोठा तोच. नातीच्या लग्नात ही गाडी वरातीत पुढे असावी म्हणून तिला नवा रंग देण्याचे ठरले आणि तेथेच घात झाला. रंगाऱ्याने डिकीवरचे धातूचे नाव उचकटून काढले, त्याच्या पाठीच्या तीन खुंट्यांपैकी दोन मोडल्या, आणि आतून त्यांना धरणाऱ्या पोलादी चकत्या कचऱ्यात गेल्या. रंग सुंदर झाला. नाव दुहेरी चिकटपट्टीने डकवले, ते कलबुर्गीच्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांत अंगणात पडले. दुसऱ्या कारागिराने तोडगा सांगितला की अक्षरांतून आरपार भोके पाडून समोरून दोन पेच मारू, मग जन्मात पडणार नाही. मुलीची आजी आम्हांस म्हणाली, "मास्तर, गाडी चालली नाही तर नाही. पण तिच्या पाठीवर तिचं नाव पाहिजे, आणि त्याला खिळे मारलेले मला बघवणार नाहीत."

मोटारीतले आम्हांस फारसे कळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण खुंटीतले थोडे कळते. आमचे वडील दरबारी गवई. त्यांच्या उतारवयात आम्ही झालो, त्यामुळे दरबार पाहिला नाही, तंबोरा तेवढा पाहिला. तंबोऱ्याच्या खुंटीला ना पेच ना चाकी. निमुळती लाकडी खुंटी निमुळत्या भोकात केवळ घर्षणाने उभी राहते आणि तारेचा सारा ताण पेलते. ती घसरू लागली की खडू लावावा, सरस कधी लावू नये, अशी वडिलांची ताकीद असे. सरस लावलेली खुंटी घट्ट बसेल, पण मग तो तंबोरा सुरात लावता येणार नाही. मिरजेच्या सतारमेकरांकडे पाहावे तर सतारीचे पडदेही दोऱ्याने बांधलेले असतात. ते घट्ट बसतात आणि हलवताही येतात. या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते योग्यच झाले.

जुन्या मोटारीचे बिल्ले याच न्यायाने बसवलेले असतात. बिल्ला बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव, वर क्रोमचा मुलामा, आणि पाठीशी त्याच ओतकामातून निघालेल्या गुळगुळीत काड्या. या काड्यांना आटे नसतात. पत्र्याच्या भोकातून काडी आत गेली की तिच्यावर पोलादी पातीची चकती दाबून बसवायची. तिच्या पात्या काडीला दातांसारख्या धरतात. काही गाड्यांत भोकातच नळीवजा क्लिप असते आणि काडी तिच्यात नुसती रुतते. अशा चकतीचा जन्म मोटारीसाठी झालेला नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत क्लीव्हलंडच्या टिनरमन कंपनीत शेगड्या बनत. त्यांच्या चिनी मुलाम्याला पेच आवळताना तडे जात, म्हणून ही दाबाची चकती निघाली. पुढे ती विमानांत गेली, मोटारींत गेली. नाजूक वस्तू आवळायची नाही, नुसती धरायची, ही युक्ती स्वयंपाकघरातून यावी यात आम्हांस तरी नवल वाटत नाही.

आता खरी अडचण मापाची. वालचंद हिराचंद सोलापूरचे, म्हणजे कडगंचीला जवळचेच म्हणायचे. त्यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात अमेरिकन डॉज आणि इटालियन फियाट शेजारी शेजारी जोडल्या गेल्या. डॉज इंचात, फियाट मिलिमीटरात. आपल्या हार्डवेअरच्या दुकानांत अजून दोन्ही मापे एकाच बरणीत नांदतात. दुकानदाराने आम्हांस दिलेल्या चकत्या इंचाच्या आठव्या भागाच्या, म्हणजे ३.१७५ मिलिमीटरच्या निघाल्या. उरलेली काडी होती ३ मिलिमीटरची. फरक पावणेदोन दशांशांचा. चकती बसली, आणि बोटाने टिचकी मारताच निघून आली. स्वर जवळ लागणे आणि स्वर लागणे यांत एवढेच अंतर असते, असे आम्ही वर्गात रोज सांगतो. उलट चूक झाली असती, जाड काडीवर लहान चकती ठोकली असती, तर उरलेली तिसरीही मोडली असती. ओतीव जस्त वाकत नाही, तुटते.

नाव रुमालात बांधून आम्ही कोल्हापूरला आणले आणि उद्यमनगरात एका वृद्ध लेथवाल्यापुढे ठेवले. त्यांनी आधी व्हर्नियर लावला, मग आम्हांस चहा पाजला, मग बोलले. मोडक्या काडीला डाख देता येत नाही, कारण हे मिश्रण चारशे अंशांच्या आतच वितळते आणि अख्खे अक्षर हातात येते. त्यांनी मोडलेले बुंधे कानशीने सपाट केले, पाठीकडून दोन मिलिमीटरची आंधळी भोके घेतली, समोर पोहोचणार नाहीत अशी, आणि त्यांत आटे पाडले. मग पितळेच्या पायरीदार काड्या कातल्या. त्या एका टोकाला दोन मिलिमीटर आट्यांच्या आणि पुढे तीन मिलिमीटर गुळगुळीत होत्या. पितळ आणि जस्त ओलीत एकत्र आले तर जस्त झिजते, म्हणून सांध्यांना वार्निश लावले. पत्र्याच्या भोकाच्या कडेलाही रंग लावा आणि चकतीखाली मेणासारखी पुट्टी भरा, असे बजावले. बिल्ल्यामागून मुरलेले पाणी डिकी आतून खाते, वरून दिसत नाही.

मजुरी त्यांनी सांगितली ती आम्ही येथे छापत नाही. ती वाचून त्यांच्या दाराशी रांग लागेल, आणि वाचकांस आमच्यासारखीच लाजही वाटेल. रंगाला लाखभर रुपये मोजणारे घर खुंटीपाशी कंजूष होते, कारण खुंटी वरातीत दिसत नाही. दसऱ्याला राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक चौकात येते तेव्हा आपण सारे टाचा उंचावून तिच्या तोंडावरचा दुहेरी 'एम' पाहतो. तो मागून कशाने धरला आहे, हे विचारणारा आम्हांस अजून भेटलेला नाही. आम्हीही या फियाटपूर्वी कधी विचारले नव्हते.

आमचे मागणे मोठे नाही. जुनी गाडी रंगवायला देण्यापूर्वी मालकाने बिल्ले स्वतःच्या देखत, आतून, चकत्या सैल करून काढून घ्यावेत. मोडक्या-गंजक्या चकत्याही पाकिटात घालून वर गाडीचे नाव लिहून ठेवावे, कारण नमुन्याशिवाय उद्यमनगरही आंधळे आहे. चिकटपट्टी आजच्या गाड्यांसाठी ठीक. त्या तशाच घडवलेल्या असतात. जेथे भोके मुळात आहेत तेथे नवी पाडणे आणि जेथे नव्हती तेथे पेच मारणे, हे दोन्ही आम्ही नासधूसच समजतो. उद्यमनगरातल्या मंडळींनी या तीन-चार मापांच्या चकत्या आणि नळी-क्लिपा थोड्या संख्येने करून ठेवाव्यात, गिऱ्हाईक मिळेल. मुंबईत पद्मिनी टॅक्सी धावत होत्या तोवर फियाटच्या कुळाचे किडूकमिडूक नागदेवीपासून कुर्ल्यापर्यंत कोठे ना कोठे सापडेल असा भरवसा तरी वाटे. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी त्या टॅक्सीची मुदत संपली, आणि हा भरवसाही दर महिन्याला ओसरतो आहे.

कडगंचीचे नाव आता डिकीवर बसले आहे. दोन चकत्या जुन्या मिळाल्या, तिसरी उद्यमनगरात घड्याळाच्या स्प्रिंगची पाती कापून केली. ती किती उन्हाळे टिकेल हे लेथवाल्यांनीही सांगितले नाही. वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर, पत्र्याच्या डब्यात, जुन्या फियाटच्या अशा चकत्या पडून असतील, तर भंगारवाल्याला देण्यापूर्वी या पानाच्या पत्त्यावर कळवावे. माप तीन मिलिमीटर हवे. लग्न वैशाखात आहे.