एक नळ, एक घाट, एक फोन

आमच्या घरचा फोनचा फंडा एकदम सिंपल आहे. मी पुण्याहून फोन लावते, संगमनेरला बाबा उचलतात. ‘‘हं, बोल. जेवलीस का? बरं. घे, आईशी बोल.’’ टोटल टाइम दहा-बारा सेकंद. तुमच्याकडेही असंच असेल, तर मंडळी, आजचा कॉलम तुमच्यासाठी आहे. यात थोडं रिपेअरिंग आहे, थोडी भटकंती आहे, थोडी हिस्ट्री आहे आणि शेवटी एक कबुलीजबाब.

आधी नळ

माझ्या भाड्याच्या फ्लॅटमधला बाथरूमचा नळ गळायला लागला. रात्री खाली बादली ठेवली, तर सकाळी अर्धी भरलेली! प्लंबर दोनदा ‘‘येतो मॅडम’’ म्हणाला आणि आला नाही. वैतागून बाबांना फोन लावला. नेहमीप्रमाणे ते आईकडे देणार, तेवढ्यात म्हटलं, ‘‘आईला नको, नळ गळतोय.’’ दोन सेकंद शांतता. मग म्हणाले, ‘‘व्हिडिओ लाव. मला दाखव.’’

तर बाबा-मेथड अशी. बाथरूमचा कॉक बंद करायचा. नळ उघडून पाइपमधलं उरलेलं पाणी जाऊ द्यायचं. मोरीच्या जाळीवर फडका टाकायचा, नाहीतर स्क्रू थेट गटारात. नळाची मूठ काढायची, आतल्या नटाला कापड गुंडाळायचं (क्रोमवर ओरखडे नकोत ना!) आणि पान्ह्याने डावीकडे फिरवायचं. स्पिंडल बाहेर येतं. त्याच्या बुडाशी झिजलेलं काळं रबर दिसतं, ते वायसर. हाच खरा व्हिलन! तो खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात जायचं आणि तस्साच दुसरा आणायचा. किंमत काही रुपये. उलट्या क्रमाने सगळं बसवायचं. ‘‘घट्ट कर, पण ताकद दाखवू नकोस,’’ इति बाबा. (तुमचा नळ पाव फेऱ्यातच बंद होणारा असेल, तर त्यात वायसर नसतो, आतलं अख्खं कार्ट्रिज बदलावं लागतं.)

दुकानाची फेरी धरून त्या दिवशी आम्ही चाळीस मिनिटं बोललो. विषय : नळ. पण बोललो!

मग घाट

त्याच जोशात मी विचारलं, ‘‘बाबा, रविवारी नाणेघाटला येता?’’ पुणे-नाशिक हायवेवर नारायणगाव साधारण आमच्या दोघांच्या मध्ये पडतं. ते एसटीने आले, मी स्कूटीवर. स्टँडजवळ मिसळ हाणली, बाबांना हेल्मेट दिलं आणि मागे बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी चालवतेय आणि ते मागे! जुन्नर, मग घाटघर, आणि गाडी थेट घाटमाथ्याजवळ. पावसाळ्यात इथे तोबा गर्दी असते. आम्ही गेलो पावसाळा संपल्यावर. गवत पिवळं पडत आलेलं, समोर नानाचा अंगठा आणि खाली अख्खं कोकण.

हा घाट म्हणजे सातवाहनांच्या काळातला एक्स्प्रेस-वे. कल्याण, सोपारा या बंदरांत उतरलेला माल इथूनच चढून जुन्नरला यायचा. माथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. आणि खिंडीत आहे ती गुहा. भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. कुठले यज्ञ केले, किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दान दिले, सगळा हिशोब आकड्यांसकट! भारतातल्या सर्वात जुन्या कोरीव आकड्यांमध्ये या आकड्यांची गणना होते.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. सिमुक, सातकर्णी, नागनिका, राजपुत्र, आणि एक महारठी, ज्याला अभ्यासक नागनिकेचे वडील मानतात. मूर्ती केव्हाच्या तुटल्या. उरल्यात त्या पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं. सासरच्या राजेलोकांच्या रांगेत वडिलांनाही उभं करणारी मुलगी! मी मागून म्हटलं, ‘‘बाबा, भारी ना?’’

उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. गाडीवर वाटलं होतं, हेल्मेटमुळे असेल. आता तर हेल्मेट माझ्या हातात होतं. मी समोर जाऊन उभी राहिले, तेव्हा ते दचकले.

आणि फोन

रांजणाशेजारी बसून त्यांनी सांगितलं. ‘‘दीड-दोन वर्षं झाली. आवाज येतो गं, शब्द कळत नाहीत. फोनवर तर नाहीच. मग उगाच हं-हं करत बसण्यापेक्षा आईकडे देतो.’’

बॉस, माझी बोलतीच बंद! दोन वर्षं मी मैत्रिणींना सांगत होते, ‘‘आमचे बाबा ना, बोलतच नाहीत.’’ आणि एकदाही विचारलं नव्हतं, ऐकू येतंय का?

वय वाढलं की बहुतेकदा आधी बारीक पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ अशी अक्षरं निसटतात, म्हणून ‘ओरडून सांगणे’ हा उपाय नाही. समोर बसा, चेहऱ्यावर उजेड असू द्या, टीव्ही बंद करा आणि थोडं सावकाश बोला. कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न रेटता वेगळ्या शब्दांत सांगा. नळाच्या दिवशी व्हिडिओ कॉल का जमला, ते तेव्हा कळलं. त्यांना माझे ओठ दिसत होते! आणि मुख्य म्हणजे कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन ऑडिओमेट्री करून घ्या. चाचणी अजिबात दुखत नाही.

बाबांची झाली. मशीन लागणार आहे. त्यावर सध्या ‘‘बघू’’ चालू आहे, आणि ‘बघू’ म्हणजे काय हे प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. मीही लावून धरलंय.

तर या वीकएंडचा होमवर्क. घरात काहीतरी गळत, करकरत, अडत असेलच. साधा फोन नको, व्हिडिओ लावा आणि म्हणा, ‘‘बाबा, हे कसं करायचं?’’ काल मिक्सरचं झाकण अडकलं म्हणून मी लावला होता. सतरा मिनिटं बोललो. झाकण दुसऱ्याच मिनिटाला निघालं होतं. मी सांगितलं नाही.