स्वयंपाकघर सजवू नका!

मी बँकेत कारकून आहे. २०२४ च्या वेतन करारापासून आम्हाला 'ग्राहक सेवा सहयोगी' म्हणतात. पण काउंटरपुढची रांग, पासबुक छापताना अडकणारे यंत्र आणि महिनाअखेरची ओढाताण जुनीच आहे. पाटी बदलली म्हणून आतला माल बदलत नाही, हे वाणिज्य शाखेच्या पदवीधराला तरी कळायला हवे. मला ते नोकरीत कळले. स्वयंपाकघरात मात्र चांगली किंमत मोजून कळले. तेव्हा वाचकहो, पुढे जे लिहितो आहे ते अनुभवाचे बोल आहेत आणि त्यांचा सारांश एवढाच आहे, की कृपा करून कमी पैशांत स्वयंपाकघर सजवू नका. जास्त पैशांत तर मुळीच सजवू नका.

प्रकरणाला सुरुवात झाली ती वरच्या मजल्यावरच्या वहिनींमुळे. त्यांनी मॉड्युलर किचन केले आणि ते बघायला आख्ख्या बिल्डिंगला चहाला बोलावले. आम्ही दोघे गेलो. खणांना हँडल नव्हते, कपाटांना दरवाजे आहेत की नाहीत ते कळत नव्हते, आणि चहा खालच्या हॉटेलातून मागवला होता, कारण नव्या ओट्यावर डाग पडला असता. आम्ही "वा, वा" म्हणून खाली आलो. सौ. काहीच बोलली नाही. सतरा वर्षांच्या संसारानंतर मला एक ठाऊक झाले आहे, की बायको बोलली तर सरळव्याज, न बोलली तर चक्रवाढ.

म्हणून मीच म्हणालो, "अगं, आपणही थोडं सजवू या. कमी पैशांत."

"बघा बाई, तुम्हाला वाटत असेल तर," ती म्हणाली. हे वाक्य मी मंजुरी समजलो. ती नुसती पोच होती.

कमी पैशांत स्वयंपाकघर कसे सजवावे हे सांगणाऱ्या मंडळींची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती. पूर्वी ती मासिकांच्या पुरवणीत असत, हल्ली मोबाइलमध्ये असतात. त्यांच्या सल्ल्याने मी शेगडीमागच्या भिंतीला विटांचे चित्र असलेला चिकट कागद लावला : १२०० रुपये. सारख्या मापाचे बारा पारदर्शक डबे आणले : १८०० रुपये. खिडकीवर प्लास्टिकची वेल सोडली : ९५० रुपये. आणि दारावर 'किचन' अशी लाकडी अक्षरांची पाटी लावली : ६५० रुपये. ही पाटी नसती तर मी बहुधा तिथे पासबुक भरायला गेलो असतो.

एकूण ४६०० रुपये. आता घसारा बघा. चिकट कागद तिसऱ्या फोडणीला सुटला आणि कढईच्या दिशेने झुकू लागला. वेलीवर तेलकट धूळ बसली. खरी वेल निदान वाळते तरी, ही वाळेना आणि धुतल्याने निघेना. पारदर्शक डब्यांमुळे तर घरात गोंधळच माजला. आमच्याकडे बोर्नव्हिटाच्या डब्यात साबुदाणा असतो, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पापड असतात आणि 'चहा' असे लिहिलेल्या डब्यात हळद असते, हे घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. नव्या डब्यांतून सगळे दिसत होते, म्हणून कुणी नीट बघेना. पहिल्याच आठवड्यात चिरंजिवांनी चहात मीठ घातले.

मग मी मोठी चूक केली. एका शोरूममध्ये गेलो.

तिथल्या तरुणाने मला पाणी दिले, गादीच्या खुर्चीत बसवले आणि विचारले, "सर, आयलंड ठेवायचं ना?" आमचे स्वयंपाकघर सात फूट बाय नऊ फूट. माझ्या रायगड जिल्ह्यात घारापुरी आहे, मुरूडचा जंजिरा आहे. तिसरे बेट माझ्या ओट्यापुढे कशाला? मग तो म्हणाला, "चिमणी तर लागेलच." आता कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, ते १९६८ पासून आहे, तिथे फुकट दिसतात. त्याने सांगितलेली चिमणी अठरा हजारांची होती आणि उडत नव्हती. एकंदर अंदाजपत्रक निघाले दोन लाख ऐंशी हजार, जीएसटी वेगळा. "एवढे?" असे मी म्हणताच तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "सर, आता विमानतळ सुरू झालाय ना." नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ ला विमाने उडू लागली हे खरे, पण त्यामुळे आमच्या पोळ्यांना कुठला वेग यायचा होता, हे मला समजले नाही.

मॉड्युलर या शब्दाची फोड मी त्या दिवशी केली. आधी आहे ते 'मोडू', मग उरले तर लावू.

त्याला प्लायवूडचे विचारले. "वॉटरप्रूफ आहे, सर." मी कारकून, सही आणि शिक्का बघितल्याशिवाय पुढे जात नाही. फळीच्या कडेवर आयएस ३०३ असा शिक्का होता. हे प्लाय सर्वसाधारण वापराचे. उकळत्या पाण्यातही थर सुटू नयेत असे मरीन प्लाय म्हणजे आयएस ७१०. दोन्हींच्या भावात चांगलाच फरक असतो, आणि सिंकखाली त्यातले दुसरेच टिकते. पनवेलचा पाऊस ज्याने जुलैत पाहिला आहे, जिथे भिंतीला पाठ टेकली तर सदरा ओला होतो, त्याला हे वेगळे सांगायला नको. ज्याला पाणी सोसत नाही त्याने सिंकखाली राहू नये आणि पनवेललाही राहू नये.

तरीही, वरच्या मजल्याचा विचार करून, मी त्याला माप घ्यायला घरी बोलावले. इथेच या कहाणीने वळण घेतले.

तो रविवारी सकाळी आला. हातात तांबडा किरण सोडणारे यंत्र. त्याने भिंती मोजल्या, खिडकी मोजली, पाण्याचा पाइप, गॅसचा पाइप, फ्रिज, सगळे मोजले. सौ. ओट्यापाशी पोळ्या करत होती. "मॅडम, जरा बाजूला होता का? माप घ्यायचंय."

ती बाजूला झाली आणि माझ्या डोळ्यांदेखत दोन इंचांनी बुटकी झाली.

ती पाटावरून उतरली होती. ओट्यापुढे, जमिनीवर, आमच्या आईचा जेवणाचा लाकडी पाट होता.

तो माणूस गेल्यावर मी विचारले, "हा पाट इथे कधीपासून?"

"या घरात आल्यापासून. मी इकडे सरकले की तो इकडे, तिकडे सरकले की तिकडे. त्याचा एक पाय हलतोय, तेवढा ठोकून द्या."

"पण का?"

"का म्हणजे? ओटा चौतीस इंच. वर शेगडी पाच इंच. वर कुकर. मला आत वरण आहे की आमटी, ते दिसायला नको? लग्न ठरताना बाबांनी माझी उंची पाच फूट सांगितली होती. त्यातले दोन इंच उसने होते. ते हा पाट फेडतोय."

सतरा वर्षे मी त्या स्वयंपाकघरात दिवसाकाठी दहा वेळा जातो. पाण्यासाठी, चहासाठी, 'काय शिजतंय' विचारण्यासाठी. मी डबे बघितले, वेल बघितली, भिंत बघितली. पाट बघितला नाही. कॅशमध्ये दहा रुपये कमी पडले तर रात्री आठपर्यंत बसून शोधणारा मी, माझ्याच घरातली दोन इंचांची तूट मला दिसली नाही. आणि ज्याने लेझर लावून सारे घर मोजले, त्यानेही एकच गोष्ट मोजली नाही : तिथे उभे राहणारे माणूस. उलट त्याला बाजूला व्हायला सांगितले.

माझा आरोप हाच आहे. स्वयंपाकघर सजवणारे सगळे लोक, स्वस्तातले आणि महागातले, आधी स्वयंपाक करणाऱ्याला बाजूला व्हायला सांगतात. सजावट दारातून आत बघणाऱ्यासाठी होते. आत उभे राहून बाहेर बघणाऱ्यासाठी कोणीच काही करत नाही.

या पाटाचा प्रवास जरा बघा. आमच्या आजीच्या काळी पनवेलच्या जुन्या घरांतून चूल जमिनीवर होती. घर धुराने काळे होई, डोळे जात, ते दिवस परत यावेत असे मी म्हणणार नाही. पण बाई पाटावर बसून स्वयंपाक करी, आणि चूल तिच्या हाताच्या उंचीवर असे. १९५५ साली मुंबईत घरगुती गॅस आला, हळूहळू आमच्याकडेही पोचला. शेगडी ओट्यावर चढली, बाई उभी राहिली. धूर गेला हे फार मोठे काम झाले. पण ओटा किती उंच बांधायचा ते गवंड्याने ठरवले, आणि बुडाखालचा पाट पायाखाली आला. यालाच आपण प्रगती म्हणतो.

कुणी म्हणेल, हे चोचले आहेत. मी त्या रात्री वाचत बसलो, तेव्हा कळले की हे चोचले शंभर वर्षांचे आहेत. आजच्या मॉड्युलर किचनची आजी म्हणजे १९२६ चे 'फ्रँकफर्ट किचन'. मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की नावाच्या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी जर्मनीतल्या त्या शहराच्या कामगार वसाहतींसाठी ते आखले. जागा जेमतेम १.९ मीटर बाय ३.४ मीटर, म्हणजे अरुंदच. असली सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली. त्यांनी घड्याळ लावून बायकांची पावले आणि हालचाली मोजल्याचा आधार घेतला. बसून काम करायला फिरते स्टूल ठेवले. दिवा छताच्या पट्टीवर सरकणारा केला, म्हणजे जिथे काम तिथे उजेड. आणि गंमत अशी, की बाईंनी स्वतःच पुढे सांगून टाकले, की तोवर त्यांनी कधी स्वयंपाक केला नव्हता! ज्यांना येत नव्हते त्यांनी विचारले तरी. आम्ही मात्र दोन्ही वेळा जेवतो आणि विचारत नाही. त्या आजीचा नातू आज शोरूममध्ये उभा आहे. त्याने कपाटे तेवढी घेतली आणि स्टूल व दिवा टाकून दिला.

"म्हणजे सौंदर्यदृष्टी नकोच का?" असा प्रश्न वरच्या वहिनींनी मला जिन्यात विचारला. हवी ना. जुन्या मांडणीवर उतरत्या क्रमाने लावलेले पितळी डबे सुंदरच दिसत. पण ते तसे लावलेले असत, कारण लहान डबा रोज लागे आणि मोठा महिन्याने. कामाच्या सोयीने जे लागते ते आपोआप देखणे होते. चिकट कागदावरच्या विटा देखण्या नसतात. त्या फक्त विटा नसतात.

मग मी बायकोला काउंटरच्या पलीकडच्या खुर्चीवर बसवावे तसे बसवले आणि विचारले, "तुला नेमके काय हवे?" तिने विचार करायला एक क्षणही घेतला नाही. यादी सतरा वर्षे तयारच होती. माझी आवर्ती ठेव नुकतीच पिकली होती, चाळीस हजारांची. त्यातला खर्च असा :

शेगडीखालचा कडप्पा उतरवून, खालचे उभे दगड कापून पाच इंच खाली बसवणे, मजुरीसह : ११,५०० रुपये. तिथल्या भिंतीला पांढऱ्या टाइल्स : ४८०० रुपये. धूर-वाफ बाहेर जायला एक्झॉस्ट पंखा : २६०० रुपये. ओट्याच्या बरोबर वर एलईडी पट्टी, वायरिंगसह : १४०० रुपये; आधीचा दिवा पाठीमागे होता, त्यामुळे ती आजवर आपल्याच सावलीत भाजी चिरत होती. मेथी निवडायला, लसूण सोलायला बसता येईल असे उंच स्टूल : ९०० रुपये. आणि मांडणी भिंतीवरून काढून एक फूट खाली ठोकणे : ३०० रुपये.

एकूण २१,५०० रुपये. शिल्लक १८,५००, ती तिच्या खात्यावर जमा. प्लास्टिकच्या वेलीचे मूल्य निर्लेखित.

आता कुणालाही आमचे स्वयंपाकघर 'बघायला' बोलावता येणार नाही, कारण बघण्यासारखे तिथे काहीच नाही. दारावरची पाटीही काढली. ओटा एका बाजूने एकोणतीस इंच आणि दुसऱ्या बाजूने चौतीस. पायरीसारखा दिसतो. वरच्या वहिनी येऊन गेल्या, "हे असं का वर-खाली?" म्हणाल्या. मग शेगडीपाशी उभ्या राहिल्या, कढईत डोकावल्या आणि बराच वेळ गप्प झाल्या. त्यांचे यजमान येत्या महिन्यात काय खर्च करणार, ते मी ओळखून आहे.

राहता राहिला सिंक. तो होता तसाच, चौतीस इंचांवर. हिशेब पूर्ण व्हावा म्हणून मी म्हणालो, "शिल्लक आहे. सिंककडची बाजूही खाली घेऊ या का? म्हणजे भांडी घासताना तुला—"

"नको, नको," ती घाईघाईने म्हणाली. "माप ज्याचं त्याचं हवं, हे तुम्हीच म्हणालात ना? शेगडीची बाजू माझ्या मापाची झाली. सिंकची तुमच्या मापाचीच आहे."

मी पाच फूट आठ इंच आहे. चौतीस इंच मला खरे तर कमीच पडतात. तिसऱ्या पातेल्याला कंबर भरून येते. तसे मी तिला बोलूनही दाखवले. तर म्हणते, "तुम्हाला पाट नको, खड्डा हवा. आणि तो आणायला फार लांब जायला नको."

पाट मी ठोकून नीट केला आहे. सध्या भांडी घासून झाल्यावर मी त्यावर बसतो.