पाहण्याचे पैसे

मागच्या शनिवारी मी शंभर रुपये वाचवले आणि त्याची लाज अजून वाटते आहे. लिहून टाकलं की हलकं वाटतं असा अनुभव आहे, म्हणून आजचा लेख त्यावरच.

तर झालं असं. बाबांच्या गाडीला दारापाशी त्या चकचकीत स्टीलच्या पट्ट्या आहेत. दार उघडलं की गाडीचं नाव निळ्या उजेडात चमकतं, त्या. (हो, हो, माहीत आहे, शोची वस्तू. मीच लावून दिल्या होत्या, गाडी घेतली तेव्हा. दुकानदार म्हणाला होता "फिटिंग फ्री". हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.) चार वर्षं छान चालल्या. मग ड्रायव्हरकडची पट्टी आधी लुकलुकायला लागली आणि दिवाळीनंतर पार बंद पडली.

मी पुण्यात, आईबाबा दर्यापूरला. फोनवर बाबा पट्टीबद्दल एकदा बोलले, मी "बघू" म्हणून सोडून दिलं. एका संध्याकाळी पोर्चमधे लाइट गेलेली असताना गाडीतून उतरताना त्यांचा पाय दाराच्या उंबऱ्याला अडकला आणि ते पडले. गुडघा खरचटला, बाकी काही नाही. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर कमी उजेडात त्यांना पायरीचा अंदाज येत नाही, आणि ते इतके दिवस त्या निळ्या उजेडाकडे बघून पाय टाकत होते, हे मला तेव्हा कळलं. शोची वस्तू म्हणे! वस्तूचा उपयोग काय हे विकणारा ठरवत नाही, वापरणारा ठरवतो. हे आम्हाला युजर टेस्टिंगच्या ट्रेनिंगमधे शिकवलं होतं. घरी आठवलं नाही.

म्हणून गेल्या आठवड्यात सुट्टी टाकून गेलो. आधी अमरावतीच्या एका सर्व्हिस सेंटरमधे. तिथल्या मुलानं वाकून बघितलं, उठला आणि म्हणाला, "सर, असेंब्ली बदलावी लागेल. एक बाजू मिळत नाही, सेटच येतो." साडेचार हजार, लेबर वेगळं. मी विचारलं नक्की काय बिघडलंय? तर म्हणाला, "ते आम्ही खोलत नाही सर." त्या मुलावर माझा राग नाही. त्याला प्रत्येक गाडीमागे मिनिटं मोजून दिलेली असतात, आणि वॉरंटीच्या पद्धतीत "पार्ट बदला" हेच सगळ्यात सुरक्षित उत्तर असतं.

मग अर्थातच माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. घरी आल्यावर मी पट्टीचा कनेक्टर सोडवला आणि मल्टिमीटर लावला. दार उघडं, दोन्ही पिनांवर व्यवस्थित बारा व्होल्ट. म्हणजे सप्लाय येतोय, म्हणजे पट्टीच गेली. लॉजिक पक्कं! साडेचार हजारांची मनाची तयारी करत होतो, तेवढ्यात अकोल्याहून भाऊजींचा फोन. "टॉवर चौकाच्या मागं आमचा एक वायरिंगवाला आहे, त्याले दाखवून तर पाहा."

शनिवारी बाबांना घेऊन अकोल्याला. दुकान म्हणजे एक टपरी, एक बाकडं आणि वायरींचा डोंगर. साठीचे मिस्त्री. मी त्यांना माझं सगळं निदान ऐकवलं. ते ऐकून घेतलं त्यांनी. मग खिशातून टेस्ट लॅम्प काढला, म्हणजे टोकदार दांड्यात बसवलेला एक साधा बल्ब, आणि त्याच दोन पिनांवर लावला. बल्ब पेटला नाही.

"मीटर खोटं नाई बोलत भाऊ," ते म्हणाले, "पन पुरं बी नाई सांगत."

मंडळी, इथे मला कॉलेजातल्या बाईंची आठवण झाली. मल्टिमीटर सर्किटमधून जवळजवळ करंटच ओढत नाही. त्यामुळे वाटेत एखादा जोड सडलेला असला आणि त्याचा रेझिस्टन्स कितीही वाढला असला, तरी मीटरला व्होल्टेज पूर्ण दिसतं. बल्ब करंट मागतो, आणि मागितल्यावर त्या सडक्या जोडातच सगळं व्होल्टेज पडतं. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर पिंगला उत्तर देतोय, पण लोड आला की कोसळतोय. हे मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. दांड्यातला बल्ब मात्र त्यांच्या खिशात होता.

पुढचं निदान दोन मिनिटांत. टेस्ट लॅम्पचं एक टोक त्यांनी गाडीच्या बॉडीला लावलं, दुसरं पॉझिटिव्ह पिनला. पेटला. म्हणजे येणारी वायर चांगली. दार उघडल्यावर छतातला दिवा लागतो, म्हणजे दाराचा स्विचही चांगला. उरली पट्टीकडून स्विचकडे जाणारी परतीची वायर. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून त्यांनी उंबऱ्याचं प्लास्टिक उचकटलं. आत पिवळ्या आवरणातली एक वायर दिसली, तिच्याकडे मी बोट नेलं तर हात बाजूला केला माझा. "पिवळ्याले हात नाई लावाचा. थे एअरबॅगची हाय." मग गालिच्याखालून बोटांनी चाचपत ते एका जागी थांबले. टेपची एक गुंडाळी. सोडली तर आत दोन वायरी नुसत्या पिळून ठेवलेल्या, आणि तांबं हिरवंगार.

"गाडी कायनं धुता?"
"बोअरच्या पाण्यानं," बाबा म्हणाले.
"दर्यापूरचं पानी न? मंग!"

खारपाणपट्ट्यातल्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नाही. पूर्णेच्या खोऱ्यातलं आमचं जमिनीखालचं पाणी खारट. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतली गावंच्या गावं यात येतात. पिण्याला चालत नाही, शेताला धड नाही, मग गाडी धुवायला वापरतात. ते उंबऱ्याच्या फटीतून आत झिरपलं आणि उघड्या तांब्याला खात बसलं. वर अकोल्याचा उन्हाळा, पारा पंचेचाळीसच्या पुढे. टेपचा गोंद वितळून सुटला होता.

मिस्त्रींनी वायर मागे मागे सोलत नेली, लाल चकचकीत तांबं लागेपर्यंत. सोल्डर केलं, वर श्रिंक ट्यूब चढवून गरम केली, जोड पाण्याच्या वाटेतून उचलून वरच्या बाजूला बांधला. बॅटरी जोडली, दार उघडलं, पट्टी पेटली. शेवटचं अक्षर जरा मंद दिसत होतं. ते म्हणाले, "आतली एलईडी असन. पट्टी सीलबंद हाय, खोलली त पानी घुसन. राहू द्या." काय करायचं हे ज्याला कळतं त्याला काय करायचं नाही हेही कळतं.

सगळं मिळून चाळीस मिनिटं. "किती झाले काका?" "तीनशे द्या."

आणि मी, ज्यानं साडेचार हजारांची तयारी केली होती, काय म्हणालो असेन? "दोनशे घ्या ना काका, वायरच तर जोडली." निव्वळ सवयीनं. त्यांनी दोनशे घेतले. काही बोलले नाहीत.

बाबाही काही बोलले नाहीत. मूर्तिजापूरला चहाला थांबलो तेव्हा कपात बघत म्हणाले, "काहून रे, मागच्या महिन्यात तू तीन दिवस एका बगमागं लागला होता न? शेवटी काय निघालं?"
"एक ओळ चुकली होती."
"मंग कंपनीनं एका ओळीचे पैसे देल्ले का तीन दिवसाचे?"

आता माझं मत सांगतो, लेख त्यासाठीच आहे.

दुरुस्ती का मरते आहे याची चर्चा झाली की आपण सगळे कंपन्यांकडे बोट दाखवतो. ते चूक नाही. २०१४ च्या ऑगस्टमधे भारताच्या स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोकला होता. बाहेरच्या गॅरेजवाल्यांना सुटे भाग आणि तपासणीची साधनं मिळू देत नाहीत, हा ठपका. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं २०१२ साली गाडी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्यानं २०२२ मधे समिती नेमली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात "राइट टू रिपेअर" पोर्टल सुरू झालं. त्यात मोटारीही आहेत. हे सगळं हवंच.

पण टॉवर चौकामागच्या मिस्त्रींना कुठल्या मॅन्युअलची अडचण होती? कुठल्या पार्टची? श्रिंक ट्यूबचा इंचभर तुकडा आणि चिमूटभर सोल्डर, बस्स. त्यांनी विकलं ते निदान. आणि निदानाचे पैसे द्यायची आपल्याला सवयच नाही. डॉक्टरनं नुसतं तपासलं तरी आपण मुकाट्यानं फी देतो. वकिलाला सल्ल्याचे देतो. मिस्त्रीनं मात्र "काही झालं नाही, जोड सैल होता" असं खरं सांगितलं की आपण म्हणतो, मग पैसे कसले? म्हणजे खरं बोलणाऱ्याला शून्य, आणि उगाच पार्ट बदलणाऱ्याला पार्टवरचं मार्जिन. असा हिशेब असेल तर हुशार माणूस काय करेल? पार्टच बदलेल. "असेंब्ली बदला" हे उत्तर कंपनीनं शिकवलं असेल, पण त्याला बक्षीस आपण देतो.

आणि ते "फिटिंग फ्री" आठवा. ज्या कामाची किंमत शून्य, त्या कामाला वेळही शून्यच मिळतो. त्या पोरानं सोल्डर केलं नाही, वायरी पिळल्या आणि टेप मारली. मी फुकट म्हणून खूश झालो होतो. चार वर्षांनी त्या फुकटाचं बिल बाबांच्या गुडघ्यानं भरलं.

कुणी म्हणेल, निदानाचे पैसे द्यायला लागलो तर लोक नुसतं बघून पैसे उकळतील. उकळतीलही काही. पण आज पार्ट बदलून उकळतात तेव्हा आपल्याला पत्ताही लागत नाही, उलट नवं खोकं बघून समाधान वाटतं. त्यापेक्षा आधीच विचारावं, "पाहायचे किती?" शंभर म्हणा, दोनशे म्हणा, आकडा ठरला की काम सुरू. काही निघालं नाही तरी द्यायचे. मग त्या माणसाला पार्ट विकण्यात रस उरत नाही.

आणखी एक. मूर्तिजापूरला आमची शकुंतला होती. तिचं वाफेचं इंजिन मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं, १९२३ पासून १९९४ पर्यंत ते धावलं. सत्तर वर्षं! बांधणाऱ्यांचं कौतुक आहेच, पण सत्तर वर्षं ते चालतं ठेवणाऱ्या फिटरांची नावं कुणाला माहीत आहेत? याच अमरावती-अकोला रस्त्यावर जून २०२२ मधे १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लेनवर सलग डांबरी थर टाकला गेला, गिनेस बुकात नोंद झाली. छान झालं, मलाही अभिमान वाटला. पण त्या थराला पडणारा पहिला खड्डा वेळेवर बुजवणाऱ्याची नोंद कुठलंच बुक ठेवत नाही. नवं करणाऱ्याला हार, टिकवणाऱ्याशी घासाघीस.

यात मी स्वतःही आलोच. आमच्या ऑफिसात काही अडलं की आमचा पहिला सल्ला "रीइन्स्टॉल करून बघा". तो आमचा "असेंब्ली बदला" आहे. फरक इतकाच, की मुळाशी जाऊन शोधायचं ठरलं तर मला त्याचा पगार मिळतो, आणि मिस्त्रींना "वायरच तर जोडली" ऐकून घ्यावं लागतं.

असो. मूर्तिजापूरहूनच भाऊजींकडून नंबर घेऊन मी तीनशे रुपये पाठवले. शंभर राहिलेले, दोनशे पाहण्याचे. पाच मिनिटांत फोन आला. "भाऊ, चुकून जास्त आले काय?" मी म्हटलं, नाही काका, शोधून काढल्याचे आहेत. पलीकडे थोडा वेळ फक्त टपरीचा आवाज. मग म्हणाले, "बरं. गाडी बोअरच्या पान्यानं नका धुवू."

दर्यापूरला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. बाबांनी दार उघडलं, खाली बघितलं, पाय टाकला आणि उतरले. माझी वाट न बघता.