रॉडची रिंग सेरेमनी

मोबाइलचं कव्हर कस्टमाइज्ड, बाइकचं हँडल कस्टमाइज्ड, लग्नाच्या पत्रिकेवरचा गणपतीसुद्धा कस्टमाइज्ड! मग मासे गरवायची काठीच तेवढी दुकानातून रेडीमेड का घ्यायची? हा प्रश्न ज्यांना खरोखर पडतो, अशी काही मंडळी माझ्या ओळखीत आहेत. दिवसा ऐरोली किंवा हिंजवडीच्या एसी ऑफिसात कोडिंग आणि रात्री डायनिंग टेबलवर पेपर अंथरून फिशिंग रॉड बांधणं. हो, बांधणंच. 'रॉड बनवतोस का?' असं विचारलंत तर लगेच दुरुस्ती होते, 'बनवत नाही, बांधतो.'

आणि त्यात तथ्य आहे. रॉडचा मुख्य दांडा, म्हणजे ब्लँक, फॅक्टरीतच तयार होतो. कार्बन फायबरची किंवा फायबर ग्लासची, टोकाकडे निमुळती होत गेलेली पोकळ नळी. ती घरी कुणी करत नाही. घरी होतं ते पुढचं सगळं. ब्लँकवर कॉर्कची किंवा फोमची मूठ बसवायची, रील अडकवायची सीट चिकटवायची, लाइन ज्यातून जाते ती गाइड्स दोऱ्याने गुंडाळून पक्की करायची, वरून एपॉक्सीचा थर द्यायचा. ऐकायला चार कामं. पण या चार कामांच्या सांध्यांमध्ये जे बारीकसारीक तुकडे लागतात ना, त्यांनी लोकांची झोप उडते. त्यांना एकत्रितपणे 'ट्रिम' म्हणतात. मूठ संपते आणि ब्लँक सुरू होतो तिथली छोटी रिंग, तिचं नाव विंडिंग चेक. सीटच्या दोन्ही बाजूंच्या ट्रिम रिंग्ज. बुडाची टोपी, म्हणजे बट कॅप. गळ अडकवून ठेवायचा हुक कीपर. आणि रंगीत दोऱ्याच्या बारीक पट्ट्या.

ब्लँक कुठला घ्यायचा हे लोक एका संध्याकाळीत ठरवतात. रिंग ठरवायला महिना लागतो. आता बोला!

मला आधी वाटायचं, हा निव्वळ नटवेपणा. दोन-चार डॉलरची अॅल्युमिनियमची रिंग, तिच्यासाठी तिच्या किमतीपेक्षा जास्त कुरियरचा खर्च करून परदेशातून मागवायची, ती कस्टममध्ये कुठे पोचली ते दिवसातून पाच वेळा बघायचं. पण माझ्या एका मित्राच्या घरी, ठाण्यात, गेले काही शनिवार मी हा प्रकार जवळून बघितला. तो रॉड बांधत होता बाबांसाठी. काका एसटीतून रिटायर झालेले, मूळचे मुरूडकडचे. लहानपणापासून खडकावर उभं राहून गरवलेला माणूस. जिताडा, तांबोशी, नशीब जोरावर असेल तर गोब्रा. आता वय सदुसष्ट आणि वीस वर्षांचा डायबेटिस. बोटांच्या टोकांना सतत मुंग्या. मासा गळाला तोंड लावतो तेव्हा लाइनीतून, दांड्यातून हाताला जो बारीक ठोका बसतो, तो त्यांना हल्ली कळेनासा झालाय. 'मासा खाऊन जातो आणि मी समुद्र बघत उभा,' असं ते हसत सांगतात. पण गेल्या सीझनला ते फारसे गेलेच नाहीत, हे मित्राने मला हळू आवाजात सांगितलं.

तर त्याने मागवायच्या यादीत लिहिलं होतं, सोनेरी रंगाची दुहेरी पायरीची विंडिंग चेक, मॅचिंग सोनेरी बट कॅप आणि मरून दोरा. एकदम रॉयल लूक! यादी बघून काका म्हणाले, "अरे, माशाला काय कळतंय अंगठी सोन्याची की पितळेची?"

"बाबा, ती माशासाठी नाहीये, तुमच्यासाठी आहे."

"मग मला विचारलंस का?"

मुद्दा रास्त होता. इथून पुढे जे झालं ते बघण्यासारखं होतं.

आधी मापाचा फंडा समजून घ्या, कारण रंगाच्या नादात सगळे इथेच आपटतात. ब्लँक निमुळता असतो, म्हणजे त्याची जाडी प्रत्येक इंचाला बदलते. नऊ फुटी रॉडचा ब्लँक बुडाशी समजा १४ मिलिमीटर आणि टोकाला २ मिलिमीटर असेल, तर सरासरी मीटरमागे साडेचार मिलिमीटरच्या आसपास उतार पडतो. रिंग घालायची ती बारीक टोकाकडून, आणि ती सरकत येऊन मुठीला टेकली पाहिजे. तिचं भोक फक्त ०.१ मिलिमीटरने लहान असलं तरी ती मुठीच्या दोन सेंटिमीटर आधीच अडकून बसते. अर्ध्या मिलिमीटरने लहान असली तर दहा सेंटिमीटरपेक्षाही जास्त अंतरावर! आणि मोठी झाली तर सैल, भोवती फट, फटीत खारं पाणी. बाजारात या रिंग्ज साधारण अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने मिळतात. म्हणून कॅटलॉग उघडण्याआधी मूठ नेमकी कुठे संपणार ती खूण मास्किंग टेपने करायची, तिथे डिजिटल व्हर्निअर लावायचा, ब्लँक थोडा फिरवून पुन्हा लावायचा (तो अगदी गोल असतोच असं नाही) आणि दोन मापांच्या मधे आकडा आला तर सरळ दोन्ही मागवायच्या. कुरियर एकच पडतं. रबराची रिंग घेतलीत तर ती ताणली जाते, मापात थोडी माफी मिळते. दिसायला मात्र ती वॉशरच्या जवळची, हे खरं.

आणखी एक. रिंग गाइड्सच्या आधी चढते. गाइड्स बांधून झाल्यावर रिंग आठवली, तर सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. लग्न लागल्यावर मुंडावळ्या शोधण्यातला प्रकार.

माप झालं की धातू. शहरातल्या तलावावर हौसेने जाणाऱ्याला काहीही चालतं, पण कोकणातल्या समुद्रासाठी रॉड बांधताय तर जरा थांबा. रंगीत अॅल्युमिनियमचा रंग हा ऑइलपेंटसारखा वरून फासलेला नसतो. विजेच्या प्रक्रियेने धातूवर ऑक्साइडचा सूक्ष्म छिद्रांचा थर वाढवतात, त्या छिद्रांत रंग भरतात आणि वरून ती बंद करतात. थर शाबूत आहे तोवर झकास. खडकावर घासून तो गेला की मिठाने खालच्या अॅल्युमिनियमला खड्डे पडायला लागतात. दुसरी गोष्ट तर मला भन्नाट वाटली. कार्बन आणि अॅल्युमिनियम एकमेकांना टेकून खाऱ्या पाण्यात भिजले की चक्क बॅटरी तयार होते, आणि त्यात बळी जातो तो अॅल्युमिनियमचा! आपला रॉड कार्बनचा, रिंग अॅल्युमिनियमची, समुद्र खारा. जमली की जोडी. उपाय साधा आहे. रिंग कोरडी बसवायची नाही. तिच्या आतल्या बाजूला एपॉक्सीचा अखंड थर हवा, म्हणजे दोघांची गाठच पडत नाही.

फ्लाय रॉडवाल्यांची जुनी आवड म्हणजे निकेल सिल्व्हर. नाव ऐकून भाव वाढतो, पण त्यात चांदी अजिबात नसते. तांबं, निकेल आणि जस्त. आपल्या आया याच धातूला जर्मन सिल्व्हर म्हणतात आणि हळदीकुंकवाला त्याच्या वाट्या वाटतात. काळपटतो, पण पुसला की पुन्हा हसतो. काकूंनी लगेच कपाटातून एक वाटी काढून दाखवली. मित्राने तिचं भोक मोजायच्या आत ती परतही ठेवली.

आता मूळ मुद्दा, काकांची बोटं. मित्राच्या डिझाइनमध्ये रीलच्या पुढे चार इंच कॉर्कची मूठ होती आणि तिच्या तोंडाशी ती सोनेरी दुहेरी रिंग. काकांनी रिकामा ब्लँक हातात घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "टोकाला टिचकी मार." मित्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन टिचक्या मारतोय, काका 'हं', 'हं', 'नाही कळली' असं सांगतायत. कॉर्कवर हात असताना जेमतेम निम्म्या कळल्या. तर्जनी थेट उघड्या कार्बनवर ठेवली तेव्हा जवळजवळ सगळ्या. मधल्या बोटाने आणखी स्पष्ट, कारण तर्जनी जास्त बधिर आहे, हेही त्याच दिवशी सगळ्यांना कळलं. काकूंना धरून.

झालं, पुढची मूठ कटाप! सीट संपली की थेट ब्लँक. पण मग सगळी जबाबदारी आली त्या रिंगवर, कारण काकांचं बोट तासन् तास तिच्यावरून जाऊन ब्लँकला टेकणार. पायरीची, कडा असलेली रिंग असती तर बोट कापलं असतं, आणि ज्या बोटाला कापल्याचं कळत नाही त्याची जखम डायबेटिसमध्ये काय महागात पडते हे या घराला वेगळं सांगायला नको. म्हणून सीटकडून ब्लँककडे उतरत जाणारी, कडा गोल केलेली, काळी, साधी रिंग. मित्राचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सोनं गेलं, पायरी गेली, रॉयल लूक गेला. मला विचाराल तर काळी जास्त स्मार्ट दिसते, पण हे मी त्या दिवशी बोलले नाही.

बट कॅपवर फार वेळ गेला नाही. जांभ्यावर रॉड टेकवायचा तर रबरच. धातूची टोपी चार ट्रिपमध्ये ओरबाडून निघते आणि प्रत्येक वेळी खडकावर खण्णकन वाजते. वजनाचाही एक सोपा हिशेब आहे. बुडाशी दहा-वीस ग्रॅम वाढले तर बिघडत नाही, उलट रीलसकट रॉडचा तोल हाताजवळ येतो आणि मनगटाला आराम पडतो. टोकाशी मात्र ग्रॅम-ग्रॅम जाणवतो. तिथल्या गाइड्सवर हौसेने चार रंगांचे पट्टे आणि जाड एपॉक्सी थापलंत की टोक सुस्त झालंच म्हणून समजा. नटायचंय तर मुठीशी नटा. हुक कीपर काकांना नकोच होता. गळ ते गाइडच्या पायात अडकवतात, आणि ही सवय सुटणार नाही हे मित्रालाही माहीत होतं.

काकांनी स्वतःहून मागितली अशी एकच गोष्ट. "टोकाला पांढरा दोरा घाल. संध्याकाळी टोक दिसत नाही मला." हाताला कळत नसेल तर निदान डोळ्याला कळावं. किती साधं! पण पांढऱ्या दोऱ्यात गोम आहे. साधा नायलॉनचा दोरा एपॉक्सी प्यायला की पारदर्शक होतो. पांढरा म्हणून गुंडाळायचा आणि सकाळी बघावं तर खालचा काळा कार्बन दिसतोय! बाकीचे रंगही असेच गडद होतात. त्यासाठी एपॉक्सीच्या आधी दोऱ्याला कलर प्रिझर्व्हर लावून पूर्ण वाळू द्यायचा, किंवा रंग पक्का राहील असा प्रक्रिया केलेला दोराच घ्यायचा. कुठलाही रंग घ्या, आधी जुन्या काठीच्या तुकड्यावर दोन इंच गुंडाळून, एपॉक्सी लावून, उन्हात नेऊन बघा. बल्बखाली बघितलेला मरून आणि किनाऱ्यावरचा मरून यांचा काहीएक संबंध नसतो.

मित्राने मग टोकाशी एकच गाइड पांढऱ्या दोऱ्याने बांधलं, एपॉक्सी अगदी पातळ ठेवलं. एपॉक्सी ओघळू नये म्हणून रॉड तासन् तास गोल फिरत ठेवावा लागतो. त्याची मोटर आली घरातल्या बंद पडलेल्या मायक्रोवेव्हच्या ताटाखालून, मिनिटाला पाच-सहा फेरे, अगदी मापात. मायक्रोवेव्ह खरंच बंद पडला होता का, यावर त्याच्या बायकोचं मत वेगळं आहे.

सोनेरी रिंग त्याने मागवलीच. तिच्यासाठी वेगळं कुरियर पडलं नाही, हा त्याचा बचाव. ती स्वतःच्या रॉडवर चढवणार म्हणतोय.

रॉडच्या दोऱ्यावरचं एपॉक्सी दुसऱ्या दिवशी हाताला कोरडं लागतं, पण पूर्ण कडक व्हायला आठवडाभर द्यावा. काकांचा फोन चौथ्या दिवशी आला, "रविवारी सकाळी ओहोटी आहे. आणतोस का?"