लेथ, कारागीर आणि कायदा

काही वर्षांपूर्वी विधानसभा निवडणुकीत खर्च-निरीक्षक म्हणून मी बिहारमधील मुंगेर जिल्ह्यात होतो. एका पोलीस ठाण्याच्या आवारात एक लेथ यंत्र गंजत पडलेले दिसले. घराच्या मागच्या खोलीत देशी पिस्तुले बनविणाऱ्या एका कारागिराकडून ते जप्त झाले होते. "कारखाना बंद केला, साहेब," ठाणेदार समाधानाने म्हणाले. मला मात्र कोल्हापूरच्या उद्यमनगरातील लेथ आठवले. तेच यंत्र तिथे इंजिनाचे सुटे भाग घडविते आणि त्यावर घरे चालतात.

मुंगेरचे हे कौशल्य आजचे नव्हे. अठराव्या शतकात नवाब मीर कासीमने मुर्शिदाबादहून राजधानी येथे हलविली आणि शस्त्रांचा कारखाना उभारला. शेजारच्या जमालपूरला १८६२ साली रेल्वेचे वर्कशॉप सुरू झाले. धातुकामाची विद्या अशी पिढ्यान्‌पिढ्या मुरली. पुढे परवानाधारक कारखान्यांतील बंदुकांचे काम आटत गेले; हातातील विद्या मात्र आटली नाही.

अमेरिकेत संघीय कायद्यानुसार सामान्य नागरिक स्वतःपुरती बंदूक घरी बनवू शकतो. सुट्या भागांच्या संचांवर २०२२ साली आलेले निर्बंध तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये उचलून धरले. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदूक बनविणेच नव्हे, तर दुरुस्त करून विकण्यासही परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा निर्मितीची किमान शिक्षा तीनवरून सात वर्षांवर नेली आणि कमाल शिक्षा जन्मठेपेपर्यंत. ही कठोरता मला मान्य आहे. या पिस्तुलांनी कोणाचा बळी जातो, हे निवडणुकीच्या काळात जवळून दिसते.

परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एक शंका राहते. गॅरी बेकर यांनी १९६८ मध्येच मांडले होते की, गुन्ह्याचा निर्णय शिक्षेच्या मोठेपणाइतकाच पकडले जाण्याच्या शक्यतेवर आणि सरळ मार्गाने मिळणाऱ्या कमाईवर ठरतो. आपण पहिलेच कलम वाढवीत आहोत. माझ्या पाहण्यात तरी तुरुंगात जातो तो लेथवरचा माणूस. माल मागविणारा आणि पैसे पुरविणारा सहसा बाहेरच राहतो.

लेथवर परवाना लादणे हा उपाय नव्हे. त्याने प्रामाणिक छोट्या कारखानदाराचा छळ तेवढा होईल. तपास पैशाच्या मागाने वर न्यावा. जप्त यंत्रे न्यायालयाच्या आदेशानंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थांना द्यावीत. आणि रेल्वेच्या सुट्या भागांच्या कामातील काही वाटा या कारागिरांच्या सहकारी संस्थांना मिळावा.

ठाण्यातील तो लेथ मी पाहिला तेव्हा त्याच्या चकमध्ये अर्धवट घडलेला लोखंडी तुकडा अजून तसाच अडकलेला होता. त्याची नळी करायची की पंपाचा दांडा, हे यंत्र ठरवीत नाही. त्या कारागिरापुढे दुसरे काम आपण ठेवले होते काय, याचे उत्तर प्रशासनाने द्यायचे आहे.