पाठ कुणाची आणि पोते कुणाचे?

इंग्रजी सुधारावे म्हणून मी रोज वाचनालयात बसून एक तरी इंग्रजी लेख वाचते. शब्दकोश शेजारी असतोच. दिवाळीच्या सुटीपूर्वी असाच एक लेख हाती आला. विषय होता गोल्फ खेळणाऱ्यांची खुब्याची व कमरेची दुखणी, आणि त्यांवर ‘कायरोप्रॅक्टर’ नावाचा माणूस करतो तो उपचार. गोल्फ मी कधी पाहिलेला नाही. आमच्या लातूरकडे हिरवळ म्हटली की ती सोयाबीनची. तरीही तो लेख मी दोनदा वाचला, कारण त्यात वर्णन केलेली कंबर माझ्या ओळखीची निघाली. ती माझ्या वडिलांची होती.

माझे वडील लातूरच्या भुसार बाजारात हमाल आहेत. धाकटे काका नांदेडला मोंढ्यात तेच काम करतात. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. ही पायरी कुणाच्या पाठीवर पाय देऊन चढले, ते मला पक्के ठाऊक आहे.

त्या लेखातून कळले ते असे. गोल्फचा टोला मारताना सारे अंग पिळले जाते. हे पिळणे मुख्यतः खुब्याने करायचे असते, कारण खुब्याचा सांधा वाटीत फिरणाऱ्या गोट्यासारखा आहे. कमरेचे मणके पुढेमागे वाकतात, पण फिरतात फार थोडे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा खुबा आखडला, की राहिलेला पीळ कमरेला सोसावा लागतो. म्हणजे कर्ज खुब्याचे आणि वसुली कमरेकडून! हमालाचेही तसेच आहे. गुडघा व खुबा न मोडता पोते उचलले, की सारा भार कमरेच्या मणक्यांवर आणि त्यांमधल्या गादीवर येतो. ओझे अंगापासून जितके लांब, तितका हा ताण अधिक. थप्पीच्या तळाचा कट्टा ओढताना तो छातीशी कसा धरणार?

आता हा कायरोप्रॅक्टर कोण? अमेरिकेत आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट गावी १८९५ साली डी. डी. पामर या गृहस्थाने ही विद्या सुरू केली. नाव ग्रीक शब्दांवरून घेतलेले. अर्थ ‘हाताने केलेले’. हाताने मणक्यांना झटका द्यायचा, ही तिची मुख्य रीत. बहुतेक रोगांचे मूळ सरकलेल्या मणक्यात असते, असे पामरचे म्हणणे होते. ते पुढे शास्त्राच्या कसोटीला उतरले नाही. ‘कट्’ असा आवाज येतो, तोही मणका जागेवर बसल्याचा नव्हे. सांध्यातील द्रवात वायूची पोकळी होते, तिचा तो आवाज असतो.

हे वाचून मला आमच्या गल्लीतील पायाळू आजोबा आठवले. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, तो पायाळू. आणि पायाळूने पाय लावला की उसण पळते, ही आपल्याकडची जुनी समजूत. उसण भरली की वडील त्यांच्या दारात पालथे पडत. आजोबा तीनदा पाय लावीत आणि चहा पिऊन परत पाठवीत. पैसे कधी घेतले नाहीत. बी. ए.ला आल्यावर मी या प्रकाराला हसू लागले होते. पण साहेबाच्या देशातही मणके मोडून घ्यायला लोक पैसे मोजतात, हे वाचल्यावर माझे हसू थोडे मावळले.

मग खरे काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असे संघटना सांगते. व्यायाम, दुखण्याची नीट समजूत, मालिश आणि हाताने मणक्यांवर करायचे उपचार यांना या सूचनांत स्थान आहे. कंबरपट्टा मात्र नेहमीचा उपचार म्हणून वापरू नये, असे त्या म्हणतात. माझे वडील आणि काका दोघेही पट्टा बांधून कामावर जातात! हाताच्या उपचाराने काहींना थोडा आराम पडतो, चमत्कार होत नाही, एवढे यातून मी समजले. शिवाय पाय बधिर पडला, पायातील जोर गेला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर पायाळूही नको आणि झटकाही नको. तडक सरकारी रुग्णालय गाठावे. मानेला झटका देणे तर क्वचित जिवावरही बेतते.

परंतु मला जे म्हणायचे आहे, ते याच्या पुढचे आहे. टायगर वूड्स या जगप्रसिद्ध गोल्फपटूच्या कमरेचे मणके एकमेकांना जोडण्याची शस्त्रक्रिया २०१७ च्या एप्रिलमध्ये झाली. २०१९ च्या एप्रिलमध्ये त्याने मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली. लोक शल्यविशारदाचे कौतुक करतात, ते योग्यच आहे. मला मात्र मधली दोन वर्षे दिसतात. विश्रांती घ्यायला, हळूहळू अंग मोकळे करायला, टोला मारण्याची पद्धत बदलायला त्याच्याकडे वेळ होता. आणि खेळताना त्याची पिशवी उचलायला वेगळा माणूस होता.

माझ्या वडिलांनाही डॉक्टरांनी तीन आठवडे ओझे उचलू नका, असे सांगितले. घरी आल्यावर ते आईला म्हणाले, “तीन हप्ते घरी बसलो तर टोळीत माझी जागा राहती का? अन् पोरीची फी कोण भरंल?” चौथ्या दिवशी ते कामावर होते. हंगामात ते दिवसाला दीडशे कट्टे हलवतात. पन्नास किलोचा कट्टा धरला तरी साडेसात टन होतात. हा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर केला आणि खोडून टाकला.

म्हणून माझे मत असे, की हमालाच्या पाठीचा उपचार पाठीपासून सुरू होत नाही, तो पोत्यापासून सुरू होतो. हे काही माझ्याच डोक्यातून आलेले नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच शिफारस केली होती, की प्रौढ पुरुषाने नेहमी वाहायचे ओझे ५५ किलोंहून अधिक नसावे. युरोपातील अनेक देशांत सिमेंटची पिशवी आता २५ किलोची असते. पुण्यात डॉ. बाबा आढाव वैद्यकी करीत असताना हमालांच्या प्रश्नाकडे वळले आणि १९५० च्या दशकात त्यांनी हमाल पंचायत उभी केली. डॉक्टरानेच रोग्याकडून ओझ्याकडे जावे, यातच सारे आले. आपल्या राज्यात १९६९ साली माथाडी कायदाही झाला. तेव्हा वाट नवी नाही, फक्त ती आपल्या थप्पीपर्यंत नीट पोचलेली नाही.

कुणी म्हणेल, हमाललाच जास्त कट्टे हवे असतात. त्याला नगावर पैसे मिळतात. अगदी खरे. म्हणूनच कट्टा लहान करताना दर वजनावर ठरला पाहिजे. नाहीतर अर्धे पोते आणि अर्धी भाकरी, असा न्याय होईल. ट्रकच्या उंचीचा ओटा आणि दोन चाकी ढकलगाडी यांना फार मोठा खर्च येत नाही. आजारपणाच्या रजेची मजुरी मिळाली, तर डॉक्टरचा कागद खिशातच मळणार नाही.

आणि आपण? राष्ट्रीय सेवा योजनेत आपण दरवर्षी रस्ते झाडतो, झाडे लावतो. ते चांगलेच आहे. पण लातुरात फिजिओथेरपी शिकणारे विद्यार्थी आहेत, नांदेडलाही आहेत. त्यांना बरोबर घेऊन महिन्यातून एकदा, बाजार बंद असेल त्या दिवशी, हमालांना खुबा व गुडघा मोडून कसे उचलावे, कोणता व्यायाम करावा, एवढे दाखवता येणार नाही का? आमच्या प्राध्यापकांनी मनावर घेतले तर पुढच्या हंगामापूर्वी हे सुरू होऊ शकते. वडिलांना तयार करण्याचे काम माझे.

लहानपणी संध्याकाळी वडील पालथे झोपत आणि मी त्यांच्या पाठीवर चालत असे. भिंतीला हात टेकून, टाचांनी हळूहळू. “अजून वर, माय,” म्हणत ते डोळे मिटून घेत. आता माझे वजन वाढले. ते काम धाकटा भाऊ करतो. त्यालाही पुढे शिकायचे आहे. त्याची फी भरण्याची पाळी येईल, तेव्हा ती वडिलांच्या कमरेतून येऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.

— बी. ए. द्वितीय वर्ष